झिलई आणि धार

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. वसतिगृह, शिष्यवृत्त्या, विवाहातील अनिष्ट खर्च या विषयांवर अधिकारी वक्ते आपल्यापुढे बोलले आहेत व पुढेही बोलतील. आम्ही मात्र आज एक लहानसा, पण आपल्या लोहार ज्ञातीच्या भाकरीशी थेट निगडित असलेला विषय निवडला आहे. तो म्हणजे कोयता, कोयती, विळी यांसारख्या तोडण्या-चिरण्याच्या पात्यांची झिलई. पात्याचे अंग काळे ठेवावे की घासून पांढरे करावे, खडबडीत ठेवावे की आरशासारखे ओपावे, आणि त्याने पात्याच्या कामात काय फरक पडतो, एवढाच हा प्रश्न आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु त्याच्या पोटात आपल्या धंद्याच्या पतीचा प्रश्न दडलेला आहे, हे व्याख्यानाच्या शेवटी आपल्या ध्यानी येईल अशी आम्हांस आशा आहे.

प्रथम जुन्या व्यवस्थेचे स्मरण करू. बलुतेदारीच्या काळात गावाचा लोहार हा गावातच राही. त्याने केलेला कोयता ज्याच्या हाती जाई, तो माणूस वर्षभर त्याच्या डोळ्यांसमोर वावरे. पाते वाकले, धार मोडली, मूठ ढिली झाली, तर तो मनुष्य दुसऱ्याच दिवशी भात्यापुढे येऊन बसे. आणि खळ्यावर बलुते मोजून देताना त्या पात्याची आठवण काढल्यावाचून राहत नसे. अशा व्यवस्थेत पाते चकचकीत करण्याचे काहीच कारण नव्हते. घेणारा पाते डोळ्यांनी पारखीत नव्हता, मनगटाने पारखीत होता. त्या व्यवस्थेत अन्यायही पुष्कळ होता, तिचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. परंतु चांगल्या-वाईट कामाची खबर कारागिराला आपोआप पोहोचत असे, एवढा गुण तिच्यात निश्चित होता.

बलुते गेले आणि आठवड्याचा बाजार आला. बाजारात घेणारा अनोळखी, विकणारा अनोळखी. गोणपाटावर दहा कोयते मांडलेले असतात. गिऱ्हाईक ते तोडून पाहू शकत नाही, केवळ पाहू शकते. अर्थातच जो कोयता अधिक चमकतो तो आधी उचलला जातो. त्याच्या शेजारी कारखान्यात यंत्रावर घासलेला, रंगीत मुठीचा माल येऊन बसला. आपल्या तरुण मंडळींनी हे पाहिले आणि विजेवर चालणारा ग्राइंडर घेऊन तीही पाते पांढरे करू लागली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पोटासाठी माणसाला बाजाराकडे पाहावेच लागते. परंतु कोणती झिलई कामाची आणि कोणती निव्वळ दिखाव्याची, हे आपण स्वतः जाणले नाही, तर आपण बाजाराला शहाणे करण्याऐवजी बाजार आपल्याला अडाणी करील.

आता मूळ विषयाकडे येऊ. झिलईचा विचार करताना पात्याचे तीन भाग निरनिराळे धरले पाहिजेत. पहिली प्रत्यक्ष धार, म्हणजे केसासारखा तो काठ. दुसरा धारेच्या लगत मागे असलेला उतरता भाग, ज्याला आपण धारेचा खांदा म्हणू. तिसरे पात्याचे उरलेले अंग, थेट पाठीपर्यंत. या तिन्ही भागांचे काम भिन्न आहे; म्हणून त्यांची झिलईही भिन्न असावयास हवी. सगळे पाते एकाच चाकावर एकसारखे चमकविणे म्हणजे वर्गातील सर्व मुलांना एकाच मापाचा सदरा शिवण्यासारखे आहे.

धारेचे काम तंतू तोडण्याचे. निसण्यावर धार लावली की काठावर बारीक ओरखडे उमटतात. दगड जाडा असेल तर ओरखडे खोल, दगड बारीक असेल तर उथळ. जाड दगडाने लावलेली धार भिंगाखाली पाहिली तर करवतीच्या दातांसारखी दिसते. हे दात ओढून कापण्याच्या कामी उपयोगी पडतात. गवत, भात, गहू यांची कापणी ओढून होते. म्हणूनच खरबरीत दातांचे विळे पूर्वापार चालत आले आहेत, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी ‘वैभव’ विळाही याच तत्त्वावर आहे. परंतु कोयत्याचे काम ओढण्याचे नव्हे, घाव घालण्याचे आहे. घाव बसतो तेव्हा काठावरच्या प्रत्येक दाताला आडवा धक्का बसतो. काही दात वळतात, काही तुटतात. शिवाय खोल ओरखडा ही तडा सुरू होण्याची आयती जागा असते. यास्तव घावाच्या पात्याची धार बारीक दगडाने शेवटास नेलेली, काठावर वळलेली पापुद्री पूर्णपणे काढून टाकलेली अशी हवी. नव्या कोयत्याची धार पहिल्या चार घावांतच ‘बसली’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे एक कारण ही पापुद्रीच असते. हाताला ती तीक्ष्ण लागते, पण ती धार नव्हे. घाव पडताच ती दुमडते आणि तिच्यामागून बोथट काठ उघडा पडतो.

दुसरेही एक कारण आहे. लोखंड भट्टीत वारंवार तापते तेव्हा त्याच्या वरच्या कातडीतील कार्बन जळून जातो. पोलादाचा कडकपणा कार्बनावर अवलंबून असल्यामुळे ही कातडी कितीही पाणी दिले तरी मऊच राहते. धारेच्या जागी ती घासून काढली नाही, तर पाते आतून उत्तम असूनही पहिल्या दिवशी मऊ लागते. दोनतीनदा पाजविल्यावर कोयता ‘सुधारतो’ असे शेतकरी म्हणतात त्याचे मर्म हेच. कोयता सुधारत नाही. वरची मऊ साल निघून जाते आणि खरे पोलाद काठावर येते. तेव्हा धारेच्या जागी घासणे हे शोभेचे काम नसून धंद्याचे आवश्यक अंग आहे.

आता खांदा. धार लाकडात शिरली की पुढचे सारे काम खांद्याचे. तो लाकूड दोहों बाजूंना सारतो आणि स्वतः त्यात घासला जातो. घाव घालणाऱ्याच्या श्रमाचा मोठा हिस्सा तंतू तोडण्यात नव्हे, तर या घर्षणात आणि पाचरीसारख्या सारण्यात खर्ची पडतो. म्हणून खऱ्या झिलईचा लाभ सर्वांत जास्त कोठे होत असेल, तर तो येथे. खांदा गुळगुळीत असेल तर पाते खोल जाते आणि तितक्याच सहजतेने बाहेर येते. खांद्यावर जाड्या चाकाचे उभेआडवे चरे असतील तर ओले लाकूड त्यांत धरते, पाते अडकते, आणि अडकलेले पाते हिसडून काढताना मनगट दुखावते. प्रसंगी हातही कापतो. चऱ्यांच्या दिशेलाही महत्त्व आहे. पाते धारेकडून पाठीच्या दिशेने लाकडात शिरते. तेव्हा शेवटचा हात त्याच दिशेने फिरविला तर उरलेसुरले चरे घावाच्या वाटेला समांतर राहतात. परंतु दिशेपेक्षा खोली अधिक महत्त्वाची. चरे उथळ असले म्हणजे दिशेचा वाद उरत नाही.

खांद्याचा आकारही येथेच सांगून टाकू. घावाच्या पात्याचा खांदा कासवाच्या पाठीसारखा किंचित फुगीर असावा. दोन्ही बाजू मिळून ३० ते ४० अंशांची धार कोयत्याला सोसते. स्वयंपाकाच्या पात्याला याहून पुष्कळ कमी चालते. ग्राइंडरच्या गोल चाकावर पाते टेकविले की खांदा फुगीर होण्याऐवजी खोलगट होतो. तो पाहावयास सुरेख दिसतो आणि कागद झर्रकन कापतो. पण बाभळीच्या गाठीवर पहिल्याच घावास धार मोडते, कारण तिच्यामागे धातूच उरलेला नसतो. हातनिसण्यावर धार लावताना मनगट जे आपोआप किंचित डुलते, त्या डुलण्यातून फुगीरपणा येतो. आपल्या वाडवडिलांनी भूमिती शिकलेली नव्हती, पण त्यांचे मनगट शिकलेले होते.

तिसरा भाग म्हणजे अंग. भट्टीतून निघालेल्या पात्यावर काळा थर असतो. हा थर म्हणजे लोखंड आणि हवेतील प्राणवायू यांचा संयोग होय. तो पातळ आणि घट्ट चिकटलेला असेल तर त्यावर तेलाचा हात टिकतो आणि तो गंजाला काही काळ दूर ठेवतो. पण तोच थर जाड आणि खवल्यांचा असेल तर तो उडतो, त्याच्या कडांखाली ओल शिरते आणि तेथून गंज सुरू होतो. तेव्हा ‘काळे पाते’ म्हटल्याने काम भागत नाही. खवले झाडलेले, कानस फिरविलेले, एकसारखे काळे पाते निराळे आणि भट्टीतून काढून तसेच विकलेले पाते निराळे. पहिल्यात कौशल्य आहे, दुसऱ्यात आळस आहे. काळेपणाचा अभिमान बाळगताना हा भेद विसरू नये.

मग अंग आरशासारखे केले तर काय बिघडते? कोरड्या लाकडावर विशेष बिघडत नाही. पण माझ्या भगिनींना विळीचा अनुभव विचारा. सपाट आणि चकचकीत पात्यावर बटाट्याची किंवा दुधीची ओली काप अशी चिकटते की प्रत्येक वेळी बोटाने सोडवावी लागते. दोन सपाट, गुळगुळीत पृष्ठांमध्ये पाण्याचा पातळ पडदा राहिला आणि हवेला आत शिरावयास वाट उरली नाही, म्हणजे ती एकमेकांस धरून बसतात. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून पाहाव्यात, म्हणजे हे तत्त्व लगेच पटेल. हातोड्याच्या उथळ ठशांचे किंवा किंचित फुगीर अंगाचे पाते कापेला पूर्ण टेकत नाही; मध्ये हवा राहते आणि काप सुटून पडते. यास्तव विळीच्या अंगावर हातोड्याचे ठसे दिसतात म्हणून ती ओबडधोबड समजू नये. ठसे उथळ आणि सारखे असतील तर तो गुण आहे.

येथे शाईचे एक उदाहरण देतो, कारण ते आमच्या शाळामास्तरीच्या धंद्यातले आहे. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातला की काळी शाई तयार होत असे. हिरड्यातील तुरट द्रव्य आणि हिराकसातील लोह यांच्या मीलनाने तो काळा रंग येतो. कच्ची केळी, केळफूल, आंबा, सुपारी यांत तेच तुरट द्रव्य असते. म्हणून लोखंडी विळीवर ती चिरली की पाते आणि भाजी दोन्ही काळवंडतात. विळीवर आपण नकळत शाई करीत असतो! हा काळेपणा गंज नव्हे आणि तो पात्याचा दोषही नव्हे. पण पाते खडबडीत असेल तर रस चऱ्यांत बसतो, सुकतो आणि पुढे खरा गंज आणतो. म्हणून रसाळ वस्तू कापणाऱ्या पात्याचे अंग गुळगुळीत पण सपाट नव्हे, असे ठेवणे हेच शहाणपणाचे.

शेतकरी बंधूंना याचे उत्तम उदाहरण नांगराच्या फाळात दिसेल. काळ्या चिकण जमिनीत गंजलेल्या फाळाला माती धरते, नांगर जड होतो आणि बैल थकतात. मातीनेच घासून चकचकीत झालेल्या फाळावरून तीच माती सरकत जाते. अमेरिकेत जॉन डिअर या लोहाराने १८३७ साली इलिनॉय प्रांतातील चिकट जमिनीसाठी घासून गुळगुळीत केलेल्या पोलादाचा नांगर केला, आणि त्याच्या नावाचा कारखाना आजही जगभर चालतो. एका लोहाराने झिलईचा उपयोग ओळखला, त्याचे हे फळ. ध्यानात घ्यावयाचे ते हे की, त्याने नांगर शोभेसाठी घासला नव्हता. माती सुटावी म्हणून घासला होता.

आता या विषयातील सर्वांत गंभीर गोष्ट सांगतो, आणि तरुण मंडळींनी ती विशेष लक्ष देऊन ऐकावी. पात्याला पाणी देऊन झाल्यावर आपण त्याचा ठिसूळपणा काढण्यासाठी ते पुन्हा मंद तावावर धरतो. तेव्हा घासलेल्या पोलादावर रंग चढत जातात. साधारण २२० अंश सेल्सियसला फिका गवती पिवळा, २५५ च्या सुमारास तपकिरी, २८० च्या सुमारास जांभळा आणि ३०० च्या आसपास निळा. जसजसा रंग पुढे सरकतो तसतसे पोलाद मऊ पण चिवट होत जाते. घावाच्या पात्याला तपकिरी-जांभळ्याच्या दरम्यानचा रंग साधारणपणे मानवतो. निळ्याच्याही पलीकडे गेले की धार टिकत नाही. आता विचार करा. वेगाने फिरणाऱ्या कोरड्या ग्राइंडरवर पात्याचा पातळ काठ टेकविला की तो क्षणार्धात याहून अधिक तापतो. काठ निळा पडतो. पाणी उतरले! भट्टीपुढे घाम गाळून जे कमावले ते दोन श्वासांत गेले. आणि खरा घात याच्याही पुढे आहे. तो निळा डाग कारागीर पॉलिशच्या चाकावर पुसून टाकतो. पाते पुन्हा चंद्रासारखे पांढरे दिसते. दोष नाहीसा होत नाही, दोषाची खूण तेवढी नाहीशी होते. ‘नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा’ अशी त्या पात्याची स्थिती होते.

म्हणून आम्ही म्हणतो की झिलई दोन प्रकारची असते. एक काम करणारी आणि दुसरी झाकणारी. आपल्या देशाला या भेदाची जुनी ओळख आहे. येथील उकू पोलाद, ज्याला युरोपियन लोक वुट्झ म्हणत, त्याचे नमुने मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ साली लंडनला सर जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले, आणि १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. या पोलादाच्या तलवारी शिकलगार प्रथम गुळगुळीत घाशीत आणि मग आम्लयुक्त द्रव्याने पृष्ठ किंचित खाववीत, म्हणजे पोलादाच्या पोटातील लहरी वर उमटून दिसत. त्या लहरींना जौहर म्हणत. पृष्ठावरून पोट ओळखता यावे, यासाठी ती झिलई होती. आज आपण पृष्ठावरून पोट ओळखता येऊ नये यासाठी झिलई करू लागलो, तर आपण त्या कारागिरांचे वारस म्हणविण्याचा अधिकार गमावू.

घासण्याच्या साधनांचीही परंपरा आपली आहे. कुरुंदाची पूड लाखेत मिसळून शाणेची चाके करण्याची रीत या देशात जुनी; इंग्रजीतील ‘कोरंडम’ हा शब्दच आपल्याकडील कुरुविंद-कुरुंद या शब्दावरून तिकडे गेला. १८९१ साली अमेरिकेत ॲचेसन यांनी कार्बोरंडम तयार केले आणि तेव्हापासून कृत्रिम दगडांचे युग आले. हे दगड उत्तम आहेत; आम्ही यंत्राचे वैरी नाही. संथ फिरणारे आणि पाण्याने भिजत राहणारे चाक असेल तर यंत्रावरही पाणी न उतरता धार लागते. शत्रू वीज नव्हे. शत्रू कोरडेपणा आणि घाई.

या सगळ्याचा परिणाम कोणाला भोगावा लागतो, ते पाहू. ऊसतोडीच्या हंगामात बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर जातात. तेथे नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. आपण ऐरणीवर घडविलेल्या वस्तूचे नाव दोन जिवंत माणसांना मिळाले आहे! ही जोडी मुकादमाकडून उचल घेऊन येते आणि तिची मजुरी टनावर ठरते. आता थोडे अंकगणित करू. एक ऊस किलो-दीड किलोचा धरला तर एका टनात सुमारे सातशे ते हजार ऊस येतात. प्रत्येकाला बुडाशी एक आणि वाढ्याशी एक असे किमान दोन घाव. म्हणजे एका टनामागे चौदाशे ते दोन हजार घाव. प्रत्येक घावास पाते थोडेसे अडले, तर त्या ‘थोडेसे’चा गुणाकार संध्याकाळी त्या माउलीच्या खांद्यात उतरतो.

उसाचा रस आंबटसर आणि चिकट. खडबडीत पात्यावर तो सुकून धूळ-पाचट धरतो आणि पाते जड होते. रात्रभर तसाच राहिला तर सकाळी गंज दिसतो. शिवाय ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडाच्या कांड्यांत साखर अधिक असते. धार बोथट असेल तर बुडखा स्वच्छ तुटण्याऐवजी चिरफळतो. चिरफळलेल्या बुडख्यात रोग शिरतो आणि खोडव्याची फूट बिघडते. म्हणजे मऊ पडलेल्या एका धारेमुळे तोडणाऱ्याचा घाम, शेतकऱ्याचे पुढच्या वर्षीचे पीक आणि कारखान्याची साखर अशा तिन्ही ठिकाणी तोटा होतो. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून महाराष्ट्राच्या या मोठ्या धंद्याची सुरुवात आपल्या घडविलेल्या पात्यापासून होत आली आहे. ऊस तोडणारी यंत्रे आता फडांत दिसू लागली आहेत, हे खरे; पण जोवर माणसाच्या हातात कोयता आहे तोवर तो खरा असला पाहिजे. जी बाई उचल फेडण्यासाठी घाव घालते आहे, तिला चकाकी विकून पोलादाचे पैसे घेणे हे आमच्या मते केवळ धंद्यातील चूक नव्हे, पाप आहे.

आता काही व्यावहारिक सूचना करून आम्ही आटोपते घेतो.

पहिली. घासण्याचे बहुतेक काम पाणी देण्यापूर्वी उरकावे. पाणी दिल्यानंतर केवळ ओला, संथ दगड वापरावा. पाते बोटांनी धरवत नाही इतके तापले की लगेच पाण्यात बुडवावे. काठ निळा पडलाच तर तो पुसू नये. तेवढा भाग घासून टाकावा किंवा पाते पुन्हा भट्टीत घालावे.

दुसरी. कोयत्याची झिलई धारेपासून सुमारे दोन बोटे रुंद पट्ट्यापुरती ठेवावी. उरलेले अंग खवले झाडून, एकसारखे काळे, तेलाचा हात दिलेले असावे. काळ्या अंगाखाली हा पांढरा पट्टा बाजारातही शोभून दिसतो. आणि खर्च, वेळ व वीज तिन्ही वाचतात. ऊसतोडीच्या कोयत्याचे अंग मात्र रस धरू नये इतपत गुळगुळीत करावे.

तिसरी. गिऱ्हाइकाला परीक्षा करून दाखवावी. धार उजेडाकडे धरली असता काठावर पांढरी रेघ चमकली तर ती बोथट आहे. खरी धार दिसत नाही. धारेच्या जागी कानस फिरवावी. ती पाते खाऊ लागली तर पोलाद मऊ, सरकू लागली तर कडक. मग वाळलेल्या बांबूच्या गाठीवर वीस घाव घालून काठ पुन्हा उजेडात पाहावा. गोणपाटाशेजारी बांबूचा एक तुकडा ठेवण्यास कितीसे पडते? दहा चकचकीत कोयत्यांपुढे बांबू तोडून दाखविणारा एक काळा कोयता अधिक बोलका ठरेल.

चौथी. प्रत्येकाने आपला ठसा पात्यावर मारावा. तोही पाते तापलेले असताना, मुठीजवळ, पाठीच्या बाजूला. धारेजवळ मारलेला ठसा ही तडा जाण्याची जागा होते. बलुत्याच्या काळी कारागिराचा चेहरा हीच त्याची निशाणी होती. आज चेहरा दूर गेला, तर ठशाने त्याची जागा घ्यावी. ज्याला ठसा मारण्याची लाज वाटते त्याने ते पाते विकूच नये.

पाचवी. पात्याबरोबर चार शब्दही द्यावेत. काम झाल्यावर पुसावे, काळे डाग चिंचेने किंवा लिंबाने काढून लगेच धुऊन कोरडे करावे, गोडेतेलाचा हात द्यावा, आणि धार मोडण्याची वाट न पाहता थोडी थोडी पाजवीत जावी. कोकणात आकडीला कोयती अडकवून हिंडणारा मनुष्य हे सारे न सांगता जाणतो. शहरातील नव्या सुनेला ते सांगावे लागते. सांगण्यात कमीपणा मानू नये.

सहावी. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत लोहारकामाचा समावेश आहे. प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने कर्जाची सोय तीत ठेवलेली आहे. ज्यांना लाभ मिळाला असेल वा मिळेल, त्यांनी आणखी एक कोरडा वेगवान ग्राइंडर घेण्याऐवजी पाण्यात भिजणाऱ्या संथ चाकाचा विचार करावा. आणि आपल्या वसतिगृहातील मुलांनी सुटीत एक दिवस तरी एकाच कमानपाट्याच्या पोलादाचे दोन कोयते घेऊन, एकाचा खांदा जाड्या चाकाचा व दुसऱ्याचा बारीक दगडाचा ठेवून, सारख्या जाडीच्या फांद्यांवर दोन्हींचे घाव मोजावेत आणि आकडे वहीत लिहून ठेवावेत. आपल्या धंद्यात ज्ञान अपार आहे. लिहिलेले अत्यल्प आहे. ते वृद्धांच्या मनगटात आहे, आणि मनगटे एकेक करून विसावत आहेत.

बंधुभगिनींनो, तात्पर्य एवढेच. झिलई वाईट नाही. धारेवर ती हवी, खांद्यावर अवश्य हवी, अंगावर बेताची हवी. पाते अधिक खोल शिरावे, कमी अडावे, कमी गंजावे आणि तोडणाऱ्याचा हात कमी थकावा, यासाठी जी झिलई केली जाते ती आपल्या विद्येचा अलंकार होय. दोष लपविण्यासाठी जी केली जाते ती आपल्या विद्येची विटंबना होय. हा भेद गिऱ्हाइकाला आज दिसत नसेल. पण पहिल्या पावसापूर्वी तो त्याच्या मनगटाला कळल्यावाचून राहत नाही, आणि मग तो पुढच्या बाजारी आपल्या गोणपाटापुढे थांबत नाही. त्याला पुन्हा थांबविण्याचा दुसरा उपाय नाही; खरे पोलाद, योग्य पाणी आणि प्रामाणिक झिलई हाच एक उपाय आहे.